पद्मिनीला चांगले ब्रेक लावणारा गुन्हेगार कसा?

३० ऑक्टोबर २०२३ आठवतोय? काळी-पिवळी पद्मिनी त्या दिवशी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची, २० वर्षांची मर्यादा संपली, विषय संपला. फेसबुकवर आठवणींचा पूर आला. सगळ्यांनी फोटो टाकले. पण ज्या खासगी पद्मिनी, फियाट, ॲम्बेसेडर आजही चालतात, त्या थांबतात कशा, हा प्रश्न त्या पुरात मला कुठे दिसला नाही.

मंडळी, आज त्याच्यावरच बोलायचंय.

जुन्या गाडीत शंभर बदल होतात. रंग, हॉर्न, सायलेन्सर, सीट कव्हर. त्यातला एकच बदल असा आहे ज्याचा फायदा मालकाइतकाच रस्त्यावरच्या तुम्हा-आम्हाला होतो. तो म्हणजे ब्रेक. आणि नेमक्या त्याच बदलाला आपल्याकडे धड परवानगी नाही, धड बंदीही नाही. मग होतं काय? काम होतंच, पण गुपचूप. आणि गुपचूप केलेलं काम तपासणार कोण?

आधी गाडी समजून घ्या. पद्मिनी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनली, पण तिचं मूळ डिझाइन इटलीतल्या फियाट ११०० चं, म्हणजे पन्नास-साठच्या दशकातलं. चारही चाकांना ड्रम ब्रेक. वजन सुमारे ९०० किलो. त्या काळच्या रस्त्याला, त्या काळच्या वेगाला हे पुरेसं होतं. आज तीच गाडी सायन-पनवेल हायवेवर एलपीच्या पुलावरून उतरते, तेव्हा तिच्या पुढे एबीएसवाली नवी कार असते आणि मागे कंटेनर. पुढचा कचकन थांबतो. तुम्ही थांबता का?

वेग ४० वरून ८० झाला की गाडी थांबवायला लागणारी ताकद दुप्पट नाही, चौपट होते. ही सगळी ताकद उष्णता बनून ड्रममध्ये कोंडते. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते, पेडल खाली जातं. बोरघाट उतरताना ज्याने हे एकदा अनुभवलंय, त्याला समजावून सांगायला नको. डिस्क उघडी असते, वारा लागतो, लवकर गार होते.

त्याहून मोठी भानगड वेगळीच. साठच्या दशकातल्या गाड्यांत मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. एक नळी फुटली की चारही ब्रेक एकदम गेले. अमेरिकेने १९६८ मध्येच नव्या कारना दोन स्वतंत्र सर्किट सक्तीचे केले. आपल्याकडे अशी एका नळीवर भरवसा ठेवणारी गाडी आजही फिटनेस घेऊन फिरू शकते. पण मालकाने स्वतःच्या खर्चाने दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला, तर तो विचारात पडतो की आपण नियम मोडला की काय!

सामान मिळत नाही म्हणावं तर तेही खोटं. ओम्नी, जिप्सी, मारुती ८०० यांच्या डिस्क, कॅलिपर, बूस्टर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला नाहीतर ऑपेरा हाऊसला मिळतात. मारुती ८०० पुढच्या चाकांवर चालणारी, त्यामुळे तिचा हब पद्मिनीला जसाच्या तसा बसत नाही. मधला ॲडॉप्टर, कॅलिपरचा ब्रॅकेट बनवावा लागतो. आणि ते बनवणारे हात कुठे आहेत? आपल्या शिरवण्याच्या एमआयडीसीत. लेथ आणि मिलिंगवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम करणारी माणसं या पट्ट्यातल्या गाळ्यांत बसली आहेत. त्यांना ड्रॉइंग द्या, ते पार्ट देतील. अडतंय ते ड्रॉइंग बरोबर आहे असं सांगणाऱ्या शिक्क्यावर.

आणि हो, शिक्का हवाच. मी जुगाडाची वकिली करत नाहीये. ब्रेक म्हणजे म्युझिक सिस्टिम नव्हे. भंगारातला ब्रॅकेट वेल्डिंग मारून लावला आणि तो तुटला, तर डिस्क असून नसल्यासारखी. ड्रमची रेसिड्युअल व्हॉल्व्ह डिस्कच्या लाइनला तशीच ठेवली, तर पॅड चिकटून राहतात आणि चाक तापतं. बूस्टर न लावता डिस्क लावली, तर पेडल दगडासारखं लागतं. पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल चुकला, तर पावसात मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गरकन फिरते. आज हे सगळं मेकॅनिकच्या अंदाजावर आणि मालकाच्या नशिबावर चालतं. माझा राग आहे तो इथे.

आता कायदा बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी आरसी विसंगत होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं : परवानगी नसलेला बदल केला, तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आरसीवर ब्रेकचा प्रकार लिहिलेलाच नसतो. मग डिस्क लावणं यात बसतं की नाही? ज्याच्या हातात पावतीपुस्तक, त्याचा अर्थ खरा! आणि अपघात झाला की विमा कंपनीच्या हातात आयतं कोलीत.

गंमत म्हणजे याच २०१९ च्या दुरुस्तीत असंही लिहिलंय की बदलांसाठीचे निकष आणि मंजुरीच्या अटी केंद्र सरकार ठरवून देईल. सीएनजी किटसाठी रस्ता आहे. इलेक्ट्रिक किटसाठी आहे. किट तपासून घ्या, मंजूर किट बसवा, आरसीवर नोंद करा. गाडी चालवायचं इंधन बदलायला सरकारकडे फॉर्म आहे, पण गाडी थांबवायची ताकद वाढवायला तसा रुळलेला मार्ग नाही. याला काय म्हणायचं?

व्हिंटेजचे नियम जुलै २०२१ मध्ये आले. ५० वर्षांवरची गाडी, २०,००० रुपये शुल्क, नंबरात ‘व्हीए’. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल नको. ब्रेकचा तिथेही स्पष्ट उल्लेख नाही. शिवाय पद्मिनी हे नावच १९७४ चं. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या पद्मिनी अजून व्हिंटेज नाहीत. सरकारच्या लेखी त्या फक्त जुन्या. २० वर्षांवरच्या कारच्या फेरनोंदणीचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये. पैसे घेताना गाडी दिसते, ब्रेक दिसत नाहीत.

‘ओरिजिनल’वाल्यांनाही दोन शब्द. स्पर्धेत उभी करायची गाडी जरूर मूळ ठेवा. ट्रेलरवर न्या, ट्रेलरवर आणा. पण जी गाडी शाळा सुटायच्या वेळी जुईनगर स्टेशनजवळून जाते, तिथे मूळपणाचे मार्क कोण देणार? ब्रिटन जुन्या गाड्यांच्या बाबतीत आपल्यापेक्षा हळवा देश. तिथे ४० वर्षांवरच्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट आहे, मोठे बदल केले तर ती जाते. पण सुरक्षिततेसाठी ॲक्सल आणि चालत्या भागात केलेली सुधारणा मोठा बदल धरत नाहीत, असं तिथल्या सरकारनेच लिहून ठेवलंय. एक ओळ. आपल्याला ती एक ओळ लिहिता येत नाही?

‘परवानगी दिली तर कुणीही काहीही लावेल’ असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर : आज तेच चाललंय. परवानगी म्हणजे तपासणी. म्हणून मागणी तीनच गोष्टींची.

१. पुण्यात एआरएआय आहे. पद्मिनी आणि ॲम्बेसेडरसाठी बाजारात मिळणाऱ्या सामानावर आधारित एकेक नमुना किट तपासून त्याचं ड्रॉइंग खुलं करा.

२. किट बसवल्यावर रोलर ब्रेक टेस्टरवर गाडी घ्या. चारही चाकांचे आकडे कागदावर द्या.

३. पास झाली तर आरसीवर नोंद करा, म्हणजे विमा कंपनीला फाटा फोडता येणार नाही.

आणि गाडीमालकांनो, हे होईपर्यंत निदान जे पूर्ण कायदेशीर आहे ते तरी करा. व्हील सिलिंडरचे रबर बदला, होज नवे टाका, ड्रम लेथवर तपासून घ्या, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी पूर्ण बदला. ड्रम उघडल्यावर हवेच्या पाइपने धूळ उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. डुप्लिकेट लायनरमध्ये शंभर रुपये वाचवून काय मिळवणार आहात?

गाडी जपणारा माणूस भंगारवाल्यापेक्षा वेगळा असतो, एवढं सरकारने ओळखावं. नाहीतर उद्या एखाद्या पद्मिनीखाली कुणी सापडेल, चार दिवस बातम्या चालतील आणि बंदी थेट जुन्या गाड्यांवर येईल.

पटत असेल तर शेअर करा. आरटीओतलं कुणी वाचत असेल तर उत्तर द्या. इथेच छापतो, जसंच्या तसं.