परमुलखातील दारूकाम

दारूकामाच्या आपल्याकडे दोन परंपरा आहेत. एक दरबारी आणि दुसरी अंगणातली. कोट्याच्या दिवाळीतील 'दारूच्या लंके'चे वर्णन महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना ऐकविले, दारूने भरलेला रावण, भोवती राक्षस आणि वानर, व शेपटीस बत्ती लागताच लंका पेटवीत सुटणारा मारुती असा तो सारा थाट होता, आणि ते ऐकून तरुण पेशव्याने पर्वतीच्या पायथ्याशी तशीच तजवीज करविली, असे पेशव्यांच्या बखरीत नमूद आहे. ही पहिली परंपरा. तीत एकाने खर्च करावा आणि हजारोंनी पाहावे. दुसरीत मात्र चार वर्षांच्या पोरापासून आजोबांपर्यंत प्रत्येकाच्या हाती निदान एक फुलबाजी असते, आणि गंधकाचा वास दुसऱ्या दिवशीच्या अभ्यंगापर्यंत बोटांना सोडीत नाही.

बॉस्टनचा चार जुलै निखळ पहिल्या जातीचा आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा दिवस खंडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रोषणाईने साजरा व्हावा, अशी इच्छा ज्या जॉन ॲडम्सने ३ जुलै १७७६ रोजी पत्नीस लिहिलेल्या पत्रात प्रकट केली (त्याच्या मते तो दिवस २ जुलैचा होता, पण इतिहासाने त्याचे ऐकले नाही), त्याच्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात आज खाजगी माणसास साधी फुलबाजी पेटविण्यासही कायद्याने मनाई आहे. सारे दारूकाम चार्ल्स नदीतील तराफ्यांवर, परवानाधारक कारागिरांच्या स्वाधीन. नागरिकांनी सकाळपासून हिरवळीवर चटया टाकून जागा धरायची, पिशव्यांची झडती द्यायची, आणि काळोख पडण्याची वाट पाहायची. जुलैत तिथला संधिप्रकाश रात्री नऊपर्यंत रेंगाळतो, हे घड्याळाकडे पाहून कंटाळलेली मुलेच उत्तम सांगतील. तीरावर वाद्यवृंद चायकॉव्हस्कीचे '१८१२' नावाचे संगीत वाजवितो आणि त्यात खऱ्या तोफा डागल्या जातात. नेपोलियनला रशियाने परतविले त्याचे हे यशोगान अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी कसे काय, असा प्रश्न १९७४ साली वाद्यवृंदाचा संचालक आर्थर फीडलर याने ही प्रथा पाडल्यापासून फारसा कोणाला पडलेला दिसत नाही.

मी नदीच्या पलीकडे, केंब्रिजच्या बाजूस ट्रायपॉड रोवून उभा होतो. शेजारच्या चटईवर ठाण्याहून लेकाकडे आलेल्या एक आजी होत्या. "आपण काहीच लावायचं नाही का रे?" असे त्यांनी नातवास विचारले, आणि फुलबाजीसुद्धा बेकायदा आहे हे कळल्यावर, "मग हा सण कसला, हा तर तमाशा!" असा निकाल देऊन त्या मोकळ्या झाल्या. तो निकाल मला मान्य आहे. परदेशी सणाच्या गर्दीत डोळ्यांना मेजवानी मिळते, हात मात्र बेकार राहतात. आणि कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांपैकी निम्मे तरी चित्रासाठी जात नसून हातांस उद्योग हवा म्हणून जात असावेत, असा मला दाट संशय आहे.

उद्योगही तसा आहे खरा. संवेदनक्षमता शंभरावर ठेवावी, भिंगाचे छिद्र अकराच्या अंकापर्यंत आवळावे, शटर उघडेच ठेवून भिंगापुढे काळा पुठ्ठा धरावा, आणि बाण वर चढू लागला की पुठ्ठा बाजूस करून फूल विरेपर्यंत थांबावे. स्ट्रॉन्शियमचा लाल आणि बेरियमचा हिरवा सहज साधतात. तांब्याचा निळा मात्र ज्वाळा जरा अधिक तापली की फिकटतो, म्हणून चांगला निळा दिसला की जाणकार कारागिरास मनोमन मुजरा करावा. आवाजावर विसंबण्यात अर्थ नाही. तो सेकंदास सुमारे ३४० मीटर चालतो, आणि कानी पडेपर्यंत प्रकाश कितीतरी पुढे गेलेला असतो. धूर वाऱ्याबरोबर आपल्याकडे येऊ लागला तर चित्राचा नाद सोडावा.

माझी ही लगबग आजी बराच वेळ निरखीत होत्या. अखेर न राहवून म्हणाल्या, "अहो, आणा बघू तो पुठ्ठा इकडे." पुठ्ठा त्यांच्या हाती दिला, आणि पुढील दोन-तीन बाणांतच युक्ती त्यांच्या अंगवळणी पडली, नातवाने तो मागून घेतला तेव्हा त्याच्या खांद्यावर हलकीच चापट मारीत त्या ओरडल्या, "फुटल्यावर काय उचलतोस? वर जाताना उचल, वर जाताना!"