सोयाबीन मोंढ्यात, वरण ताटात

मराठवाड्यातल्या मुदखेडहून रेल्वेच्या वाटा आदिलाबादकडे आणि निजामाबादकडे फुटतात. पावसाळ्यात कुठल्याही गाडीच्या खिडकीतून पाहा, दोन्ही अंगांना सोयाबीन. दिवाळीच्या तोंडावर ते मोंढ्यात जातं, पुढे तेल गिरण्यांत. तेल कढईत, पेंड बहुतेक कोंबड्यांच्या खाद्यात. पिकवणाऱ्याच्या ताटात दाणा क्वचितच पडतो.

त्यात बिघडत काहीच नाही.

शाकाहारी माणसाने प्रथिनांची चौकशी केली की हल्ली सोयावड्या आणि टोफू पुढे केले जातात. वड्यांत वजनाच्या जवळपास निम्मी प्रथिनं असतात, हे खरं. पण ज्याला सोयाची ॲलर्जी आहे, किंवा ती चवच नको, त्याचं काय अडतं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये सुचवलेल्या दिवसाच्या ताटात 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं आणि 300 मिलि दूध आहे. धान्य ज्वारी धरली तर तिची साधारण 25 ग्रॅम प्रथिनं, डाळीची 18, दुधाची 9; झाली 52. पंचावन्न किलोच्या माणसाला सुमारे 46 पुरतात. शेंगदाण्याची चटणी अजून मोजलेलीच नाही.

ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते धान्य पुरवतं. अंबाडीच्या भाजीत तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या घालणाऱ्या बायांनी हे कोष्टक पाहिलेलं नव्हतं. वेळ अमावस्येला लातूर भागात शेतात शिजणारी भज्जी तर ओल्या तुरीच्या, हरभऱ्याच्या, वाटाण्याच्या दाण्यांनी भरलेली असते. सोबत बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील. सोयाचं नाव नाही, उणीवही नाही. (दूध-दही अजिबात न घेणाऱ्याने मात्र बी-12 ची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी, ते सोयाबीनमधूनही मिळत नाही.)

खरी अडचण शेतात आहे. सोयाबीनने खरिपातले मूग, उडीद आणि ज्वारी मागे सारली. घरची डाळ विकतची झाली, आणि भाव चढले की वरण पातळ होतं. निलंग्याच्या बोरसुरी तूरडाळीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक आहेच. पण रोजंदारीवर जाणाऱ्या बाईच्या पातेल्यात मानांकन शिजत नाही.

पोषणाची चिंता असलेल्या सरकारने म्हणूनच वड्यांच्या जाहिरातीऐवजी रेशनकडे पाहावं. महाराष्ट्रात तिथे मुख्यतः गहू-तांदूळ मिळतो. चणाडाळ ‘आनंदाचा शिधा’ म्हणून सणावारी आली. तमिळनाडूत रेशनकार्डावर महिन्याला किलोभर तूरडाळ 30 रुपयांत मिळते. तूर पिकवणाऱ्या मराठवाड्यात ती का मिळू नये?