अधिकार आणि औचित्य

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमधील जागतिक व्यापार केंद्रावरील हल्ल्यात २७५३ जणांचा बळी गेला. त्या भूमीपासून दोन चौकांवर, पार्क प्लेस येथे नमाजगृहासह तेरा मजली इस्लामी केंद्र उभारण्याची योजना २०१० मध्ये गाजली आणि अमेरिकेत वादळ उठले.

३ ऑगस्ट २०१० रोजी तेथील जुन्या वास्तूला वारसा दर्जा देण्यास शहराच्या आयोगाने एकमताने नकार दिला. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी धर्मस्वातंत्र्याचा कैवार घेतला. कायद्याच्या दृष्टीने त्यांची भूमिका बिनतोड होती. मृतांत मुस्लिमही होते. दहशतवाद्यांचे पाप अवघ्या समाजाच्या माथी मारणे अन्यायाचेच ठरले असते.

परंतु प्रश्न केवळ कायद्याचा होता काय? ज्यांना आप्तांचे अवशेषही मिळाले नाहीत, अशा कुटुंबांचा आक्षेप ‘असहिष्णुता’ म्हणून झटकून टाकणे कितपत न्याय्य? ऑशविट्झच्या छळछावणीलगत कार्मेलाइट जोगिणींनी मठ थाटला, तेव्हा ज्यूंनी तीव्र विरोध केला. जोगिणींचा हेतू प्रार्थनेचाच होता. तरीही १९९३ मध्ये पोप जॉन पॉल द्वितीय यांनी त्यांना अन्यत्र जाण्यास सांगितले. त्यामुळे त्यांच्या श्रद्धेला उणेपणा आला नाही; उलट दुखावलेल्या मनांवर फुंकर घातली गेली.

न्यूयॉर्कचे केंद्र नियोजित रूपात उभे राहिले नाही. तेथे निवासी मनोरा आला. वादातून उरलेला धडा मात्र सर्वच समाजांसाठी आहे. शासनाने उपासनेचा अधिकार अबाधित राखावा. तो कोठे बजावावा, याचे तारतम्य मात्र ज्याचे त्यानेच दाखवावे. अधिकार कायद्याने मिळतो, शेजाऱ्याचा विश्वास कमवावा लागतो.