चार्ज होत नाही, म्हणजे बॅटरीच गेली?

वाटण जरा घट्ट झालं आणि मिक्सर गुर्र करून मध्येच बंद पडला, तर आपण काय करतो? भांडं काढतो, मिक्सर आडवा करतो, बुडाशी असलेलं ते लाल बटण दाबतो, वाटणात दोन चमचे पाणी घालतो आणि पुन्हा सुरू करतो. मिक्सर 'जळला' म्हणून कोणी बोंब मारत नाही. मोटर जळू नये म्हणून केलेली ती सोय आहे, हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नसतं. आईनं नाहीतर शेजारच्या काकूंनी दाखवलेलं असतं. कुकरची शिट्टी होत नसेल तर रिंग बघायची, गॅसची ज्योत पिवळी यायला लागली तर बर्नर साफ करायचा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं... घरातली अर्धी दुरुस्ती बाईच्याच हातून होते. पण लॅपटॉपच्या कोपऱ्यात 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' एवढीशी पाटी दिसली, की हीच बाई हात मागे घेते. "राहू दे, हे आले की बघतील." हे आले की, नाहीतर मुलगा सुट्टीला आला की. तोवर मशीन बंद!

मला या 'तोवर'चा राग येतो. एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून आपल्याकडे किती जणींनी तो केला. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं. टायपिंग येतं, हिशेब येतात, फॉर्म भरता येतात. पण चार्जरच्या वायरीला हात लावायची वेळ आली, की ते 'पुरुषांचं काम' कसं काय होतं बुवा?

जळगावात आमच्या मंडळातर्फे बचत गटांचं काम चालतं. गटाचे हिशेब, बँकेचं कर्जप्रकरण, मुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं आता लॅपटॉपवर. गटातली एक ताई घरी बसून दोन दुकानांची बिलं टाइप करून देते. नवऱ्याचं काम सुटलेलं, तेव्हा मुलीची फी या टायपिंगवरच निघते. कुठल्याशा ऑफिसनं विकायला काढलेला जुना लॅपटॉप तिनं घेतला होता. तो साठ टक्क्यांवर जाऊन थांबायचा. कितीही वेळ लावून ठेवा, एकसष्ट काही होत नाहीत. दुकानदारानं मशीन न उघडताच निकाल दिला, "बॅटरी गेली. साडेचार हजार." तिच्या महिन्याच्या कमाईतले किती उरले असते, ते तुम्हीच बघा.

मग केंद्रात ती आणि मी लॅपटॉप घेऊन बसलो. कंपनीनं आधीपासूनच घालून दिलेलं एक ॲप होतं, त्यात बॅटरीचं पान उघडलं. चार्जिंग ठरावीक टक्क्यांवर थांबवायची सोय तिथं 'चालू' होती. ऑफिसात लॅपटॉप दिवसभर वायरीवरच असायचा, म्हणून कोणीतरी ती लावून ठेवलेली. बॅटरी ठणठणीत होती. ताई बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मॅडम, म्हणजे मी पैसे उसने आणणार होते ते कशासाठी?"

साठ किंवा ऐंशी टक्क्यांवर थांबणं हा बिघाड का नव्हे, ते समजून घेण्यासारखं आहे. आपल्या लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. सोनी कंपनीनं ती १९९१ मध्ये बाजारात आणली. तिचा पाया घालणाऱ्या तिघांना, म्हणजे जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना, २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ आजोबांचं वय तेव्हा ९७ होतं! (आपल्याकडे पन्नाशीच्या बाईला 'आता काय शिकायचं' म्हणतात.) या बॅटरीला दोन गोष्टी मानवत नाहीत. एक म्हणजे उष्णता आणि दुसरं म्हणजे कायम काठोकाठ भरलेलं राहणं. इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी भरलेली राहिलेली बरी, लिथियमचं नेमकं उलट. 'पूर्ण संपू दे, मगच चार्जिंगला लाव' हा सल्लाही जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. तो आता लागू नाही, तरी घरोघर चालू आहे. लॅपटॉप दिवसभर वायरीवरच वापरत असाल तर ऐंशी टक्क्यांची मर्यादा असू द्यावी. आमच्या ताईनंही सगळं कळल्यावर ती सोय बंद केली नाही. वीज जाण्याचा दिवस असेल तेव्हा तेवढ्यापुरती काढते.

दुसरं कारण आपल्या खानदेशातल्या उन्हाळ्याचं. मे महिन्यात इथं पारा ४४-४५ वर जातो. पत्र्याच्या खोलीत, गादीवर लॅपटॉप ठेवून काम चाललेलं. खालची हवेची भोकं गादीनं बुजलेली. बॅटरीत तापमान मोजणारा छोटासा भाग असतो. आतली उष्णता साधारण ४५ अंशांच्या पुढे गेली, की बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग आपोआप थांबतं. हेच ते मिक्सरचं लाल बटण. फक्त इथं ते आपण दाबायचं नसतं, थंड झालं की ते आपलं आपण पूर्ववत होतं. म्हणून दुपारी चार्ज न होणारा लॅपटॉप रात्री नऊला शहाण्यासारखा चार्ज होतो आणि घरचे म्हणतात, "तुलाच लावता येत नव्हता." लॅपटॉप बंद करा, पाटावर किंवा टेबलावर ठेवा, अर्धा-पाऊण तास पंख्याखाली राहू द्या. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका! हसू नका, एकीनं ठेवला होता. आत दमट होतं, आणि मग खरोखरीचा बिघाड होतो.

आता वायरीकडे या. आधी सॉकेट. त्याच भोकांत मोबाइलचा चार्जर लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर तो टाळून सरळ भिंतीत लावा. बऱ्याच चार्जरची वायर दोन तुकड्यांत असते, भिंतीपासून त्या काळ्या ठोकळ्यापर्यंत एक आणि ठोकळ्यापासून लॅपटॉपपर्यंत दुसरी. ठोकळ्याजवळचा जोड झाडू मारताना ओढला जाऊन सैल होतो. तो घट्ट बसवला की निम्म्या वेळा काम होतं. वायर कुठं सोललेली असेल, ठोकळ्याला जळका वास येत असेल, तर मात्र ती लगेच काढा आणि चिकटपट्टी लावून चालवू नका. इथं काटकसर नको.

ठोकळ्यावरची बारीक अक्षरंही चष्मा लावून वाचाच. 'आउटपुट' या शब्दापुढे दोन आकडे असतात, समजा १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर. दोन्हींचा गुणाकार केला की वॉट निघतात, इथं ६५. घरात दुसऱ्या लॅपटॉपचा चार्जर आहे, पिनही बसते, म्हणून लावून दिला असं करायचं नाही. व्होल्ट जुळायला हवेत, आणि वॉट मूळ चार्जरइतके किंवा जास्त हवेत. नव्या लॅपटॉपना मोबाइलसारखीच सी-टाइप पिन येते. तिथं व्होल्टचं गणित दोन्ही यंत्रं आपापसांत ठरवतात, पण पंधरा-वीस वॉटच्या मोबाइल चार्जरवर ४५ किंवा ६५ वॉट मागणारा लॅपटॉप चार्ज होत नाही, झाला तरी मुंगीच्या पावलानं. शिवाय सी-टाइपची दोन भोकं असतील तर दोन्हींतून चार्जिंग होईलच असं नाही. दुसरंही लावून बघावं.

आणि एक गंमत, जी दुकानात सहसा कोणी आपणहून सांगत नाही. काही कंपन्यांच्या चार्जरच्या गोल पिनेत मधोमध एक सुईसारखी बारीक काडी असते. 'मी अमुक वॉटचा चार्जर आहे' हे ती लॅपटॉपला सांगते. ती वाकली किंवा आतली तार तुटली, तर लॅपटॉप वायरीवर छान चालतो, पण चार्जरची ओळख पटत नाही म्हणून बॅटरी भरायला नकार देतो. लक्षण अगदी बॅटरी गेल्यासारखं, दोष चार्जरचा! म्हणून माझं म्हणणं असं, की तशाच दुसऱ्या चालू चार्जरवर लावून बघितल्याशिवाय कोणालाही बॅटरी बदलू देऊ नका.

एवढं करूनही भागलं नाही तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा आणि सुरू करायचं बटण तीस सेकंद दाबून धरा. आत अडकलेली थोडीफार वीज निघून जाते आणि चार्जिंग सांभाळणारी चिप नव्यानं कामाला लागते. मग सगळं जोडून सुरू करा.

आता खरोखर बॅटरीच थकली आहे का, हे कळायला ज्योतिषी लागत नाही. विंडोजच्या लॅपटॉपमध्येच तिची पत्रिका मिळते. स्टार्टमध्ये 'सीएमडी' लिहिलं की काळी खिडकी उघडते. तिच्यात इंग्रजी अक्षरांत 'पॉवरसीएफजी', मग एक मोकळी जागा, तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' असं लिहून एंटर दाबा. अहवाल कुठं ठेवला ते तीच खिडकी सांगते. त्यात दोन आकडे शोधा. 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे कारखान्यातून निघतानाची ताकद, आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आजची. पहिला ४१,००० आणि दुसरा ३७,००० असेल तर बॅटरीला नावं ठेवू नका. दुसरा १५,००० वर आला असेल तर दुकानदार खरं बोलतोय. ॲपलच्या लॅपटॉपवर हीच माहिती सेटिंग्जमध्ये 'बॅटरी हेल्थ' म्हणून मिळते. तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की बहुतेक लॅपटॉपच्या बॅटऱ्या अशा उतरू लागतात. तो त्यांचा दोष नाही, वय आहे.

आणि बॅटरी गेली म्हणजे लॅपटॉप गेला असंही नाही. बहुतेक लॅपटॉप नुसत्या वायरीवर चालतात. वीज गेली की बंद पडतील, तेव्हा दर पाच मिनिटांनी काम सेव्ह करायचं, एवढंच. 'बॅटरी बदलण्यापेक्षा नवाच घ्या' हे वाक्य ज्याला नवा विकायचा आहे त्याच्या तोंडून ऐकलं, तर घरी येऊन एक रात्र विचार करावा.

सगळेच दुरुस्ती करणारे लबाड असतात असं मी मुळीच म्हणत नाही. आमच्याच बाजारात जिन्याखालच्या टपरीत बसणारा एक मुलगा सैल झालेला चार्जिंगचा जॅक दिव्याखाली धरून असा डाग देतो, की बघत राहावं. अशा माणसाला आपण नेमकं लक्षण सांगितलं, 'दुसऱ्या चार्जरवर लावून बघितला, अहवालात इतके आकडे आले,' तर त्यालाही बरं वाटतं आणि त्याचा वेळ वाचतो. फसवणूक होते ती 'काहीतरी झालंय, बघा ना' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची. काम सांगण्याआधी खर्च कागदावर लिहून घ्यावा. बिल घ्यावं, त्यावर गॅरंटी किती महिन्यांची ते लिहून घ्यावं. नव्या बॅटरीवर बीआयएसची खूण आणि आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते बघावं. काढलेली जुनी बॅटरी समोर ठेवायला सांगावं. एवढ्यावरून दुकानदार चिडला तर दुकान बदलावं. तक्रार करायची झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

खरी खोट मात्र टपरीवाल्यात नाही, कंपन्यांत आहे. पूर्वी लॅपटॉप उलटा करून दोन खटके सरकवले की बॅटरी हातात यायची. आता ती आत, बारा स्क्रूंच्या मागे, कुठं कुठं गोंदानं चिकटवलेली. पातळ लॅपटॉप दिसायला देखणा, पण घरच्या बाईला सोडाच, साध्या कारागिरालाही आत शिरायची चोरी. युरोपीय संघानं २०२३ मध्ये नियम केला, की १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचं संकेतस्थळही सुरू केलं. पण लॅपटॉप घ्यायला जातो तेव्हा रंग, वजन, हप्ता सगळं विचारतो. 'याची बॅटरी बदलायला किती पडतात आणि इथं बदलून मिळेल का?' हा प्रश्न किती जणी विचारतात? कंपन्यांना तो प्रश्न काउंटरवर रोज ऐकू आला पाहिजे.

एका बाबतीत मात्र घरगुती प्रयोग अजिबात नकोत. बोट फिरवायची जागा वर उचलली गेली, कीबोर्ड मधोमध फुगला, झाकण नीट बसेना, तर आत बॅटरी फुगली आहे असं समजा. चार्जर ताबडतोब काढा, लॅपटॉप बंद करा. दाबून झाकण लावायचा प्रयत्न नको, टोचून 'हवा काढायची' तर मुळीच नको. ती पेट घेते. जाणत्या माणसाकडूनच काढून घ्या. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. बॅटरीवर चाकं असलेल्या डब्यावर काट मारलेलं चित्र असतं, त्याचा अर्थ तोच. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा कंपनीच्या सेवाकेंद्रात किंवा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात ती द्या. घंटागाडीत कचरा दाबला जातो. तिथं अशी बॅटरी चेपली गेली तर आग लागते, आणि त्या गाडीवर हातानं कचरा वेगळा करणाऱ्या बायका असतात.