उसना सोऱ्या

लक्ष्मीपूजनाचे ताट सौ.ने चौरंगापुढे ठेवले आणि नेमका सूनबाईंचा फोन वाजला. त्या एका दुकानाची वेबसाइट सांभाळतात. दोन मिनिटे बोलून म्हणाल्या, "बाबा, पूल संपला!"

मी दचकून विचारले, "कोणता? लकडी पूल?" सौ.ने डोळे वटारले.

सूनबाईंनी लॅपटॉप उघडता उघडता मला समजावले. गिऱ्हाइकाने काही मागितले, की वेबसाइटला ते डेटाबेसकडून आणावे लागते. दर वेळी नवे कनेक्शन जोडायचे, ओळख पटवायची, म्हणजे वेळ मोडतो. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसात तर प्रत्येक कनेक्शनमागे एक स्वतंत्र प्रोसेस उभी राहते. म्हणून थोडी कनेक्शने आधीच जोडून ठेवतात. काम आले की एक घ्यायचे, झाले की परत ठेवायचे. हाच तो कनेक्शन पूल! त्यांच्याकडे १० होती. दहाही बाहेर गेलेली, आणि अकरावे गिऱ्हाईक ३० सेकंद ताटकळून रिकाम्या हाती परत!

"मग दहाची शंभर करा की!" मी तोडगा सुचवला.

"पोस्टग्रेसची मूळची मर्यादाच १०० ची आहे, बाबा. ती वाढवता येते. पण यंत्राला कोअर चार-आठच. शंभर जण एकदम आत शिरले की एकमेकांच्या पायांत येतात. शिवाय आज गर्दी फारशी नाहीच. नेलेली परत येत नाहीत!"

तासाभराने चूक सापडली. व्यवहार सुरळीत पार पडला, तर कनेक्शन परत ठेवले जाई. मधेच एखादे पेमेंट फसले, की परत ठेवण्याच्या ओळीपर्यंत कोणी पोचतच नसे. सूनबाईंनी ती ओळ अशा जागी हलवली, की काम साधो वा फसो, ती पार पडलीच पाहिजे.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी मात्र गप्प होतो. आमच्या माळ्यावर शेजारच्या काकूंचा पितळी सोऱ्या गेल्या दिवाळीपासून पडून होता. धड असता, तर केव्हाच परत गेला असता. त्याची मूठ आमच्या हातून मोडली, म्हणून लाजेने तो राहिला. एका सोऱ्यावर चार घरांच्या चकल्या होत. यंदा चारही घरे अडली.

पाडव्याला सकाळी मी मोडका सोऱ्या घेऊन काकूंचे दार वाजवले.

"एवढेच ना?" काकू म्हणाल्या. "तांबट आळीत मूठ बसवून मिळेल. मला मेलीला वाटले, तुम्ही रागावलात, म्हणून वर्षभर येत नाही."