मागची गाडी दिसतेय ना?

‘ऑफ-रोड’ या शब्दाला आपल्याकडे जरा जास्तच ग्लॅमर आहे. जाहिरातीत गाडी वाळूच्या टेकडीवरून उडते, धुरळा उडवत कच्च्या वाटेवर सुसाट सुटते आणि स्टिअरिंगवर बसलेल्या हीरोच्या पांढऱ्या शर्टाला एक डाग नाही! प्रत्यक्षात तीच गाडी हप्त्यावर घेतलेला माणूस हिंजवडीच्या सिग्नलला फर्स्ट गिअरमध्ये तासभर ताटकळत असतो. स्वप्न मात्र वाळवंटाचं. मीही त्याच जमातीतला. फरक एवढाच, की कंपनीने तीन महिन्यांसाठी कॅलिफोर्नियाला पाठवलं आणि गेल्या नोव्हेंबरात ते स्वप्न तीन दिवस सलग जगायला मिळालं. पहिल्याच तासात एक गोष्ट कळली. ऑफ-रोड म्हणजे रस्ता सोडणं नव्हेच मुळी. उलट, रस्ता अजिबात न सोडणं!

या रस्त्याचं नाव मोहावी रोड. कोलोरॅडो नदीपासून निघायचं आणि मोहावीचं वाळवंट आडवं कापत पश्चिमेला बार्स्टो गावाच्या अलीकडे बाहेर पडायचं. अंतर सुमारे २२० किलोमीटर. म्हणजे आपलं पुणे-नाशिक म्हणा ना. ते आपण चाकणच्या ट्रॅफिकला शिव्या देत, नारायणगावला चहा पीत पाच-सहा तासांत उरकतो. इथे दोन-तीन दिवस लागतात. डांबर नाही, पेट्रोल पंप नाही, बहुतेक ठिकाणी मोबाईलला रेंज नाही. चहा आपला आपण करायचा.

आम्ही पाच जण, गाड्या तीन. सगळे इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवरचे, त्यामुळे खरी नावं कुणालाच आठवत नाहीत. पुढच्या जीपमध्ये वहिनी. (ही आमच्यापैकी कुणाचीच बायको नाही. फर्स्ट इयरला नाटकात वहिनीचा रोल केला, नाव चिकटलं ते चिकटलं.) मधल्या गाडीत जाड्या, मी आणि बारक्या. बारक्या आता जाड्यापेक्षा जाड आहे, पण तो वेगळा विषय. शेवटच्या जुन्या पिकअपमध्ये मास्तर, एकटा. तंबू, लाकडं आणि पाणी त्याच्याकडे.

गाड्या सगळ्या यांच्या स्वतःच्या होत्या, हे आवर्जून सांगतो. भाड्याची गाडी घ्यायचा विचार असेल तर करार नीट वाचा. कच्च्या रस्त्यावर नेली की विम्याचं संरक्षण संपलं, असं बहुतेक करारांत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. आणि वाळवंटातून गाडी ओढून आणायचं बिल बारीक अक्षरांत येत नाही!

हा रस्ता मुळात गाड्यांसाठी नव्हताच. मोहावी लोकांची ही पायवाट. नदीकाठच्या त्यांच्या गावांपासून थेट पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत ते व्यापाराला जायचे, चालत किंवा चक्क धावत. नकाशावर वाट पाहिली तर ती सरळ नाही, उगाच वळणं घेते असं वाटतं. मग झऱ्यांच्या खुणा बघायच्या आणि टाळ्या वाजवायच्या. पायूट स्प्रिंग, रॉक स्प्रिंग, मार्ल स्प्रिंग्ज, सोडा स्प्रिंग्ज. वाट एका पाण्याकडून दुसऱ्या पाण्याकडे जाते. बस्स! बाकी सगळं त्यानंतर आलं. १८२६ मध्ये जेडेडाया स्मिथ हा फासेपारधी व्यापारी मोहावी लोकांकडूनच वाट समजून घेऊन पलीकडे गेला. आपल्याकडे १८५७ चा उठाव पेटला होता, त्याच वर्षी एडवर्ड बील नावाचा अधिकारी या भागातून चक्क उंटांचा काफिला घेऊन निघाला होता. अमेरिकन सरकारला प्रयोग करून पाहायचा होता, की इथल्या वाळवंटात उंट चालतात का. चालले छान, पण पुढे प्रयोग बारगळला. १८८३ मध्ये रेल्वे आली आणि रस्त्यालाच रिटायरमेंट मिळाली. १९८० च्या दशकात डेनिस केसबियर या नौदलाकडे काम करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने आणि त्याच्या साथीदारांनी ही वाट शोधून काढली, दगडांच्या ढिगाऱ्यांनी खुणा केल्या आणि १९८३ मध्ये तिचं गाइड छापलं. केसबियर २०२१ मध्ये गेला. पूर्वेकडून पश्चिमेला जाताना हे ढिगारे उजव्या हाताला ठेवायचे असतात. ढिगारा दिसला की जीव भांड्यात.

पहिलं काम टायरची हवा कमी करणं. नेहमीच्या ३५ च्या आसपास असलेलं प्रेशर आम्ही २० वर आणलं. टायर जरा पसरतो, वाळूत रुतत नाही आणि मणके जागेवर राहतात. तरी काही पट्ट्यांमध्ये रस्ता असा, की पन्हाळी पत्र्यावरून गाडी चालवतोय असं वाटतं. बारक्याने पहिल्या दिवशी चिवड्याचा डबा उघडला, तो तिसऱ्या दिवशीही आम्ही सीटखालून वेचत होतो.

दुसरा नियम कासवांचा. इथलं वाळवंटी कासव १९९० पासून कायद्याने संरक्षित आहे. दुपारी सावली शोधत ते उभ्या गाडीखाली येऊन बसतं. म्हणून गाडी सुरू करण्याआधी प्रत्येक वेळी खाली वाकून बघायचं. नोव्हेंबरात कासवं बहुधा बिळात असतात, पण वहिनीने कुणालाही सूट दिली नाही. तीन दिवसांत मी जितक्या वेळा वाकलो, तितका जिममध्ये वर्षभरात वाकलो नसेन. आणि आखलेल्या वाटेबाहेर चाक टाकायचं नाही. १९९४ पासून या वाटेचा मोठा भाग मोहावी नॅशनल प्रिझर्व्हमध्ये येतो, आणि तिथे तसा नियमच आहे. वाळवंट दिसतं दणकट, पण त्याचा वरचा पापुद्रा एकदा मोडला की भरून यायला कित्येक वर्षं लागतात. आग लागली की आणखी वाईट. वाटेच्या उत्तरेला सीमा डोम नावाची जागा आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये तिथे वीज पडून वणवा लागला, ४३ हजार एकर जळालं. जोशुआची झाडं गेली अंदाजे १३ लाख.

तिसरा नियम सगळ्यात सोपा आणि सगळ्यात अवघड. प्रत्येक ड्रायव्हरने आरशात मागची गाडी बघत राहायची. फाटा आला की थांबायचं, मागची गाडी दिसली की मगच वळायचं. ती दिसत नसेल तर आपण थांबलो की आपल्या पुढचाही थांबतो, आणि सगळी फौज आपोआप उभी राहते. वॉकीटॉकीवर वहिनीचं दर दहा मिनिटांनी एकच पालुपद, “मागची गाडी दिसतेय ना?” जाड्या वैतागायचा. “अगं दिसतेय! मास्तर कुठे पळून जातोय?”

पहिल्या दिवशी वॉटसन वॉशचा उतार आला. कोरड्या ओढ्यात गाडी जवळजवळ नाकावर उतरते. आम्ही उतरलो, आरडाओरडा केला, फोटो काढले. मास्तर एकही शब्द न बोलता उतरला. दुसऱ्या दिवशी गव्हर्नमेंट होल्सला जेवलो. पवनचक्की, विहीर आणि चरायला मोकळं रान. १९२५ मध्ये जमीन आणि पाण्याच्या भांडणातून इथे दोन काउबॉयनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या, दोघेही मेले. सिनेमात शोभेल असा किस्सा, आणि बारक्याने तो ॲक्शनसकट सांगितला. मास्तर हसला, पण आवाज न करता. मला तेव्हा वाटलं, दमला असेल.

मार्ल स्प्रिंग्जच्या पुढे भर वाळवंटात एक पोस्टाची पेटी आहे. पोस्टमन येत नाही. आत वही असते, येणाऱ्या-जाणाऱ्याने नाव आणि दोन ओळी लिहायच्या. जाड्याने लिहिलं, ‘इथे पोहे मिळत नाहीत.’ मास्तरने फक्त तारीख घातली आणि कंसात एक आकडा, २२.

“बावीस काय रे?” मी विचारलं.

“काही नाही. दिवस.”

रात्री थंडी अशी, की पाण्याच्या बाटलीवर बर्फाची साय. शेकोटीजवळ त्याने सांगितलं. नोकरी जाऊन अडतीस दिवस झाले होते. एच-वन-बीवाल्याची नोकरी गेली की नवीन शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, नाहीतर बाड-बिस्तरा गुंडाळायचा. हा नियम आम्हा सगळ्यांना पाठ होता. अडतीस दिवस आमच्या ग्रुपवर रोज गुड मॉर्निंगपासून क्रिकेटपर्यंत सगळं चालू होतं. मास्तर प्रत्येक जोकला अंगठा दाखवत होता. त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. अंगठा म्हणजे सगळं ठीक, असं आपण धरून चालतो.

भाषण कुणीच केलं नाही. जाड्या उठून चहा करायला गेला आणि बराच वेळ आला नाही. बारक्याने विचारलं, “घरी सांगितलंस?” मास्तर म्हणाला, “आईला सांगितलं. बाबांना ती सांगणार आहे.” वहिनीने एवढंच म्हटलं, “उद्या तू मध्ये चालव.” तो नको म्हणाला. शेवटचीच जागा बरी, म्हणाला.

तिसरा दिवस सोडा लेकचा. नावाला तलाव, एरवी पांढरंशुभ्र कोरडं मैदान, आणि मोहावी रोड त्याच्या बरोबर मधून जातो. मध्यावर दगडांचा मोठा ढीग आहे, ट्रॅव्हलर्स मॉन्युमेंट. प्रत्येक प्रवाशाने आपला एक दगड आणून टाकायचा आणि ढिगावर चढून वरची पाटी वाचायची. पाटीवर काय लिहिलंय हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, असा संकेत. मास्तरने पहिल्या दिवशी नदीकाठी निघताना उचललेला दगड डॅशबोर्डवर ठेवला होता.

पण चार दिवसांपूर्वी पाऊस झाला होता. वरून खडखडीत दिसणारा पापुद्रा आणि खाली चिखल, ही सोडा लेकची ख्याती. गाडी एकदा आत बसली की मदत मिळेपर्यंत दिवस जातो. वहिनी काठी घेऊन दोनशे पावलं पुढे चालत गेली. परत आली तेव्हा बूट घोट्यापर्यंत राखाडी.

“मागे फिरायचं,” ती म्हणाली.

जाड्या भडकला. “कडेकडेने जाऊ की! अगं, त्याला परत कधी मिळणार हे?” एवढा वेळ जे कुणी बोलत नव्हतं, ते असं बाहेर पडलं. दोघांचं चांगलंच जुंपलं. वहिनी म्हणे, तीन गाड्या आणि पाच माणसं आहेत, एकाच्या हळहळीवर निर्णय होत नाही. जाड्या म्हणे, नियम नियम करत आपण सगळे कोरडे झालोय. दोघांचंही खरं होतं, हाच तर प्रॉब्लेम होता.

तेवढ्यात मागून इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. मास्तर आधी गाडीखाली वाकून बघून आला होता, मग त्याने पिकअप शांतपणे वळवली. वॉकीटॉकीवर म्हणाला, “चला, बेकरला गरम काहीतरी खाऊ. मागची गाडी दिसतेय मला.” परत फिरताना शेवटची गाडी आपोआप पहिली झाली होती.

केल्बेकर रोडने बेकर गाव, तिथून हायवे आणि मग अॅफ्टन कॅन्यनला पुन्हा आत. मोहावी नदी बहुतेक सगळीकडे वाळूखालून वाहते, इथे मात्र ती वर येते. रेल्वेच्या पुलाजवळ आम्ही तासभर पाण्यात पाय सोडून बसलो. फोनला रेंज आल्यावर बारक्याने सगळ्यात आधी आपल्या मॅनेजरला मास्तरचा बायोडेटा पाठवला. जाड्याने आणखी तिघांना.

सिनेमा असता तर एकविसाव्या दिवशी ऑफर लेटर आलं असतं. आलं नाही. दोन इंटरव्ह्यू झाले, दिवस संपले आणि मास्तर नाशिकला परतला. आता पुण्यातल्या एका कंपनीत आहे. पगार कमी, आईच्या हातचं जेवण वीकेण्डला. पिकअप जाड्याने विकत घेतली. दगड डॅशबोर्डवरच आहे, त्याला हात लावायचा नाही अशी विक्रीची अट होती.

तुम्हाला जायचं असेल तर जरूर जा. ऑक्टोबर ते एप्रिल बरा काळ, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पार असतो. एकट्या गाडीने नको, निदान दोन हव्यात. माणशी दिवसाला चार लिटर पाणी, वर जास्तीचं वेगळं. कागदावरचा नकाशा घ्या. सोडा लेकची अवस्था निघण्याआधी विचारून घ्या.

आणि वाळवंटात जायचं नसेल, तरी आमच्या ग्रुपवर आता चालू झालेला एक नियम फुकट घ्या. जो आठवडाभर फक्त अंगठे पाठवतो, त्याला रविवारी कुणीतरी फोन करतं. मेसेज नाही, फोन. गेल्या रविवारी माझा नंबर लागला होता. तसं काहीच झालं नव्हतं, नुसतं ऑफिसचं काम होतं. तरी चाळीस मिनिटं बोललो.