तिकीटबारीवर वाढलेला ऑपेरा

इटलीतल्या ऑपेरागायनाच्या परंपरेला २०२३ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. मान योग्यच आहे. पण एखाद्या गोष्टीला वारसा म्हटलं की आपण तिच्यासमोर हात जोडून उभे राहतो आणि दाद द्यायची विसरतो. ऑपेरा म्हणजे बड्या लोकांनी उंची कपडे घालून गुपचूप ऐकायची चीज, हा समज आपल्याकडे पक्का आहे. त्याचा इतिहास मात्र निराळंच सांगतो. जन्म दरबारातला, हे मान्य. याकोपो पेरीचा ‘एउरिदीचे’ १६०० साली फ्लॉरेन्समध्ये झाला तो एका राजविवाहाच्या निमित्ताने, आणि मोन्तेवेर्दीचा ‘ऑर्फेओ’ १६०७ साली मांतुआच्या ड्यूकच्या पदरी असताना. पण १६३७ साली व्हेनिसचं सान कास्सियानो नाट्यगृह पैसे मोजणाऱ्या कुणालाही खुलं झालं आणि यजमानाच्या मर्जीची जागा तिकीटबारीने घेतली. त्याच मोन्तेवेर्दीने १६४३ च्या सुमारास या शहरासाठी ‘पोप्पेआ’ रचला. त्यात नीरोची प्रेयसी सगळ्यांना बाजूला सारून सम्राज्ञी होते, पापाला शिक्षा वगैरे काही नाही. लग्नमंडपात हे कोण खपवून घेईल?

पुढची दोनेकशे वर्षं इटलीची नाट्यगृहं म्हणजे गावाची बैठक होती. पेट्या, म्हणजे बॉक्स, घराण्यांच्या मालकीच्या; तिथे जेवणं होत, पत्ते पिसले जात, दिवे चालूच असत. मिलानच्या ला स्कालात तर जुगारही चाले. दुय्यम नटाच्या गाण्याला ‘सरबताचं गाणं’ असं नावच पडलं होतं, कारण ते सुरू झालं की लोक थंडगार सरबत घ्यायला उठत. अशा बेपर्वा गर्दीचा कान धरायचा, तोही मायक्रोफोनशिवाय, तर चाल पहिल्या ओळीतच मनात बसली पाहिजे आणि आवाज वाद्यवृंदावरून माडीपर्यंत पोचला पाहिजे. आज ज्याला आपण अतिरेक म्हणतो, ते त्या गोंगाटाने घडवलेलं कसब आहे.

तरीही आक्षेप उरतोच: सुरी लागलेली माणसं दहा मिनिटं गातात कशी? संगीत नाटकात ऐन प्रसंग थांबवून ‘वन्स मोअर’ घेणाऱ्या मराठी प्रेक्षकाने तरी हे विचारू नये. गंभीर उत्तर हवं असेल तर व्हेर्दीच्या ‘रिगोलेत्तो’तलं (१८५१) चौघांचं गाणं ऐकावं. खानावळीत ड्यूक मद्दालेनाला लाडीगोडी लावतोय, ती हसत त्याला उडवून लावतेय. बाहेर भिंतीच्या फटीतून त्याच्यावर जीव टाकलेली जिल्दा ते पाहतेय आणि शेजारी तिचा बाप सूडाची आखणी करतोय. ड्यूकची चाल लोण्यासारखी, मद्दालेनाचे तुटक चपळ स्वर, जिल्दाच्या हुंदक्यांनी तुटणाऱ्या ओळी, खाली बापाचा खर्ज. चार मनं एकाच क्षणी बोलतात आणि चारही ऐकू येतात. गद्य नाटकात चौघे एकदम बोलले तर निव्वळ कालवा होईल. इथे भाषा कळण्याचीही फारशी गरज पडत नाही. शिवाय १९८० च्या दशकापासून रंगमंचाच्या वर भाषांतराच्या ओळी झळकू लागल्या आहेतच.

कुणी म्हणेल, हा सगळा भूतकाळ. आज इटलीची मोठी ऑपेरागृहं सरकारी अनुदानावर चालतात आणि चांगल्या जागेचं तिकीट परवडत नाही. खरं आहे, आणि त्याचं समर्थन करण्यात अर्थ नाही. पण व्हेरोनाच्या रोमन काळातल्या खुल्या रंगमंडलात १९१३ पासून उन्हाळ्यात ऑपेरा होतो आणि हजारो लोक दगडी पायऱ्यांवर बसून तो पाहतात. ला स्कालाच्या वरच्या माडीवरचे प्रेक्षकही अजून जिभेला लगाम घालत नाहीत. २००६ च्या डिसेंबरात ‘आइदा’च्या पहिल्याच गाण्यावर त्यांनी हुर्यो उडवली, तेव्हा रोबेर्तो आलान्या हा नावाजलेला गायक रंगमंच सोडून गेला आणि बदली गायक रोजच्या कपड्यांतच उभा राहून गाऊ लागला. हा उद्धटपणा क्रूर असतो, कधीकधी विकतचाही. पुच्चीनीची ‘मादामा बटरफ्लाय’ १९०४ च्या फेब्रुवारीत याच ला स्कालात पडली, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांनी माणसं पेरली होती असा संशय होता. पण पुच्चीनी संशयावर विसंबून बसला नाही. लांबलेला दुसरा अंक त्याने मधोमध तोडला, काटछाट केली आणि मे महिन्यात ब्रेश्शाच्या लहानशा नाट्यगृहात खेळ पुन्हा लावला. तिथे मात्र प्रेक्षकांनी तो उचलून धरला.